पडद्याच्या मागून

आमच्या आजीने आयुष्यात जेवढे सिनेमे पाहिले, ते बहुतेक सगळे उलट्या बाजूने पाहिले. शाळेच्या पटांगणावर सोळा एमएमचा सिनेमा यायचा. पोफळीचे दोन सोट पुरून त्यांना पांढरं कापड ताणून बांधायचं, की झाला पडदा. प्रोजेक्टरच्या अंगाला बाप्ये आणि पोरंटोरं बसत, कापडाच्या पलीकडे बायका. तिकडे गर्दी कमी, टेकायला शाळेची पडवी, आणि कोणी विडी ओढत नसे. कापडातून चित्र आरपार दिसतं, फक्त डाव्याचं उजवं होतं. श्रेयनामावली उलटी दिसायची, पण आजीला अक्षरओळख नसल्यामुळे तिचं त्यावाचून काही अडलं नाही. तिची तक्रार एकच होती, आणि ती तिने कित्येक वर्षं केली: "गो, ही सुलोचना एवढी घरंदाज बाई, पदर उजव्या खांद्यावरून कशी घेत्ये?"

या पुस्तकाचं काम हातात घेईपर्यंत मला त्या प्रश्नाचा उलगडा झाला नव्हता. पहिल्याच वर्षी संगमेश्वरच्या एका निवृत्त शिक्षिकेची आठवण आली, तीत हाच पदर होता. मग लांज्याहून आलेल्या वहीत नायक डावखुरा निघाला. तेव्हा डोक्यात उजेड पडला की रत्नागिरी जिल्ह्यातल्या बायकांच्या निदान एका पिढीने मराठी सिनेमा आरशात पाहावा तसा पाहिला आहे.

पुस्तकाबद्दल थोडं सांगायला हवं. आम्ही चार-पाच जणांनी तीन वर्षं जिल्ह्यात हिंडून लोकांना एकच विचारलं: घरच्यांबरोबर पाहिलेला, आता कोणाला ठाऊक नसलेला एखादा जुना मराठी सिनेमा सांगा. कोणी बोलून सांगितलं, कोणी वही भरून दिली, एकाने एसटीच्या तिकिटांच्या पाठीवर लिहून दिलं (ते कंडक्टर होते, त्यांची सवय). गाजलेले सिनेमे आम्ही बाजूला ठेवले. त्यामुळे 'श्यामची आई' या पुस्तकात नाही, याचा राग काही जणांना येईल आणि तो योग्यच आहे. साने गुरुजींचा जन्म दापोली तालुक्यातल्या पालगडचा, २४ डिसेंबर १८९९ चा. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी लिहून काढलेल्या त्या गोष्टींतलं घर आमच्याच जिल्ह्यातलं. आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये त्यावर सिनेमा काढला आणि १९५४ साली, राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक त्याला मिळालं. पण त्या सिनेमाला आमच्या आठवणीची गरज नाही. वनमालाबाईंचा आणि श्याम झालेल्या छोट्या माधव वझ्यांचा चेहरा आजही शाळेतल्या पोरांना माहीत असतो. आम्हाला हवे होते त्याच्या आगेमागे निघालेले, त्याच माजघरात घडणारे आणि आता नावानेही न ओळखले जाणारे सिनेमे.

'वहिनींच्या बांगड्या' घ्या. य. गो. जोशींची गोष्ट, शांताराम आठवल्यांचं दिग्दर्शन, साल १९५३. पोरक्या धाकट्या दिराला पोटच्या पोरासारखं वाढवणारी वहिनी, ती सुलोचनाबाईंनी केली. १९६१ मध्ये हाच सिनेमा हिंदीत 'भाभी की चूड़ियाँ' म्हणून आला. तिथे मीनाकुमारी होती, संगीत पुन्हा सुधीर फडक्यांचंच. त्यातलं लताबाईंचं पहाटेचं गाणं आजही रेडिओवर लागतं आणि ऐकणारे माना डोलावतात, पण ज्या मराठी घरातून ते निघालं त्या घराचा पत्ता दहात एकालाही सांगता येत नाही. त्याच य. गो. जोशींच्या गोष्टीवरून आठवल्यांनीच १९५५ मध्ये 'शेवग्याच्या शेंगा' काढला. आमच्याकडे आलेल्या आठवणींत हे दोन सिनेमे इतके एकमेकांत मिसळले आहेत की एका आजोबांनी सांगितलेली गोष्ट शेवटी दोन्हींत सापडली नाही. अर्धी इथली, अर्धी तिथली, आणि मधला भावांच्या वाटणीचा प्रसंग बहुधा त्यांच्या स्वतःच्या घरातला. आम्ही तो तसाच छापला आहे. दुरुस्त करून काय मिळालं असतं?

असे सिनेमे आठवून माणसं इतकी हळवी का होतात, हा प्रश्न आम्हाला पहिल्या दिवसापासून पडला होता, कारण खरं सांगायचं तर यातले बरेचसे सिनेमे चांगले नाहीत. रडणं फार. योगायोग तर असे की आमच्या गावच्या नमनातही कोणी चालवून घेणार नाही. खलनायिका म्हटली की ती शहरातली, शिकलेली आणि बिनबाह्यांचं पोलकं घालणारी. घर कोकणातलं म्हणायचं, पण बांधलेलं कोल्हापूरच्या नाहीतर पुण्याच्या स्टुडिओत, त्यामुळे भिंतीला जांभा कुठे दिसत नाही. अंगणात तुळस आहे, पण माड नाही, पावसाळ्यात ओटीला बांधायच्या झापांचा मागमूस नाही. आणि सगळे बोलतात ते सदाशिव पेठेतलं. तरी देवरुखच्या एका बाई सांगतात की पडद्यावर माजघर दिसलं की आमच्या आईला हुबेहूब माहेरचं वाटायचं.

मला वाटतं याचं उत्तर सिनेमात शोधून सापडणार नाही, ते पोस्टाच्या थैलीत आहे. रत्नागिरी हा मनीऑर्डरचा जिल्हा. घरातला कर्ता पुरुष मुंबईला, गिरणीत नाहीतर गोदीत, खानावळीत जेवणार आणि गाळ्यात दहा जणांबरोबर झोपणार. मागे घर चालवायचं ते बाईने: भाताची लावणी, गुरं, सासू, पोरं, आणि महिन्याला येणाऱ्या पैशांचा हिशेब. २०११ च्या जनगणनेतही जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा वाचून बाहेरचे लोक मुलीच्या जन्माचं स्वागत वगैरे बोलतात. आम्हाला त्यात मुंबईची गाडी दिसते.

तर अशा घरांत 'कुटुंब' ही गोष्ट वर्षातून दोनदा भरायची, गणपतीत आणि शिमग्यात. तीन भाऊ, तीन जावा, त्यांची पोरं, आजोबा झोपाळ्यावर, हे चित्र पडद्यावर कायमचं असायचं, घरात मात्र आठ-दहा दिवस. आणि सिनेमाही नेमका त्याच दिवसांत यायचा. पूर्वी सत्यनारायणाच्या पूजेनंतर नमन-खेळे व्हायचे, नाटक बसायचं. मग पडद्यावरचा सिनेमा आला, त्याच्या मागोमाग व्हिडिओ. वर्गणी काढायला चाकरमानी हजर, पाहायला अख्खी वाडी हजर. म्हणजे एकत्र कुटुंबाची गोष्ट एकत्र कुटुंबाने पाहिली, ती त्याच आठ दिवसांत. विसर्जन झालं की पुरुष एसटीच्या टपावर वळकट्या चढवून निघून जायचे. या पुस्तकातल्या जवळजवळ प्रत्येक आठवणीत सिनेमाच्या गोष्टीपेक्षा शेजारी कोण बसलं होतं हे जास्त तपशिलाने आहे. आधी आम्हाला ती लिहिणाऱ्यांची ढिलाई वाटली आणि आम्ही कात्री घेऊन बसलो. नशीब, कापलं नाही.

सुलोचनाबाईंबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण त्यांच्यावाचून या पुस्तकाचं एक पान हलत नाही. 'वहिनींच्या बांगड्या', 'मोलकरीण' (१९६३), 'एकटी' (१९६८), सगळीकडे त्याच. चित्रपटाच्या इतिहासांत त्यांना सोशिक आईचं प्रतीक म्हणून दोन ओळींत उरकतात. आमच्या आठवणींत त्या वेगळ्या दिसतात. लिहिणाऱ्या बायका त्यांच्या अश्रूंवर क्वचित थांबतात. त्यांना आठवतात ते सुलोचनाबाईंचे हात. पीठ मळताना, दिवा लावताना, पोराच्या डोक्यावरून फिरताना. राजापूरच्या एकीने लिहिलंय की बाकीच्या नट्या चूल फुंकताना तोंडाचा चंबू करतात, ही मात्र खरी फुंकर घालते. ज्या बाईने रोज ओल्या लाकडांची चूल पेटवली तिला हे बरोबर कळतं. सुलोचनाबाई ४ जून २०२३ रोजी गेल्या, तेव्हा या पुस्तकातल्या तिघींनी आम्हाला फोन करून आपापल्या आठवणीत एक वाक्य वाढवायला सांगितलं. तिन्ही वाक्यं निरनिराळी आहेत, ती वाचकांनी शोधावीत.

'एकटी'ची आमच्याकडे एक गंमत होती. राजा ठाकूरांच्या या सिनेमात सुलोचनाबाईंनी काबाडकष्ट करून वाढवलेला मुलगा म्हणजे डॉ. काशिनाथ घाणेकर, आणि घाणेकर चिपळूणचे. त्यामुळे चिपळूणच्या प्रेक्षकांची पंचाईत व्हायची. आईच्या बाजूने डोळे पुसायचे, तर ज्याच्यावर रागवायचं तो आपलाच काशिनाथ. तिथल्या एका गृहस्थांनी लिहिलंय की त्यांची मावशी पडद्याकडे बघून दातओठ खायची आणि घरी आल्यावर म्हणायची, दातांचा डॉक्टर आहे हो, मनाने वाईट नाही.

'प्रपंच'ची (१९६१) आठवण एकच आली, पण ती मला सगळ्यांत आवडली. कथा गदिमांची, दिग्दर्शन मधुकर पाठकांचं, कुंभाराच्या भूमिकेत शाहीर अमर शेख. पोरांचं लेंढार आणि अपुरी कमाई, म्हणजे कुटुंबनियोजनाचा धडाच. गुहागरकडच्या एका बाईंची आजी, आठ मुलांची आई, तो बघता बघता उठली, चूल बघून येते म्हणाली आणि सिनेमा संपेपर्यंत परतली नाही. नंतर कोणी विचारलं तर म्हणे, मला शिकवायला एवढा खर्च कशाला केलानी?

आणि 'ऊनपाऊस'. राजा परांजपे यांचा हा १९५४ चा सिनेमा. आयुष्यभर मुलांसाठी राबलेले मास्तर आणि त्यांची बायको म्हातारपणी त्याच मुलांना जड होतात. परांजपे स्वतः आणि सुमती गुप्ते यांनी ते जोडपं केलं. त्याच्या आदल्याच वर्षी जपानमध्ये ओझूचा 'टोकियो स्टोरी' आला होता. तिथेही म्हातारे आईबाप शहरातल्या मुलांकडे जातात आणि मुलांना त्यांच्यासाठी सवड नसते. 'टोकियो स्टोरी' आज जगभरच्या चित्रपट अभ्यासक्रमांत शिकवतात. 'ऊनपाऊस' आठवणारे आम्हाला जिल्ह्यात चार भेटले. मी दोघांची बरोबरी करत नाही. ओझू जिथे गप्प बसतो तिथे आपले लोक गाणं घालतात. पण त्या चौघांपैकी एक जण सत्तरीचे आहेत, मुलगा परदेशी आहे आणि सात खोल्यांच्या घरात दोघंच राहतात. त्यांनी सिनेमाबद्दल दीड पान लिहिलं आणि खाली जोडलं: हे मी मुलाला वाचायला पाठवलेलं नाही.

सिनेमा दाखवणाऱ्या यंत्राविषयी दोन शब्द, नाहीतर नव्या वाचकाला अर्ध्या आठवणी कळणार नाहीत. सोळा एमएमची चारशे फुटांची रीळ अकरा मिनिटं चालते. पूर्ण सिनेमाला मोठ्या चकत्या वापरल्या तरी तीन-चार तरी लागतात, आणि गावात प्रोजेक्टर एकच. म्हणून एक चकती संपली की खेळ थांबायचा. पेट्रोमॅक्सच्या उजेडात ऑपरेटर दुसरी चढवायचा, फिल्मचं टोक दात्यांत बसवायचा, मध्येच तुटलेली असली तर खरवडून चिकटवायचा. या पाच-दहा मिनिटांत काय काय व्हायचं! पोरं मुतून यायची, बायका घरी जाऊन चुलीवरचं दूध बघून यायच्या, पुढे काय होणार यावर पैजा लागायच्या, निदान दोन लग्नं या मध्यंतरांत ठरल्याची नोंद पुस्तकात आहे. पेटी एसटीने यायची, तिच्यात कधी तिसरी रीळ आधी आणि दुसरी नंतर असायची, आणि ऑपरेटरच्या लक्षात येईपर्यंत मेलेला सासरा ओटीवर येऊन पान खाऊन जायचा. कोणी फारशी कुरकुर करत नसे.

हे सिनेमे गेले कुठे? ऐंशीनव्वद वर्षांपूर्वीची फिल्म नायट्रेटची, म्हणजे पेट घेणारी. १९५० च्या सुमारास तिचा वापर थांबला, पण आधीचं जे होतं ते गोदामांत तसंच पडून राहिलं. फिल्मवर चांदीचा अंश असतो, म्हणून कित्येक निर्मात्यांनी जुन्या प्रती चांदी काढायला भंगारात घातल्या. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये निघालं. तिथल्या पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून, कोठारं उपसून मिळेल ते वाचवलं. त्यातल्याही नायट्रेट प्रतींचा मोठा साठा ८ जानेवारी २००३ च्या आगीत गेला. नंतरची ॲसिटेटची फिल्म सहज पेट घेत नाही, ती आंबते. डबा उघडला की लोणच्याच्या बरणीसारखा शिरक्याचा वास येतो. आणि जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, चामड्याच्या चपलेला आठ दिवसांत बुरा येतो, तिथे आमच्या लोकांनी हे सिनेमे ट्रंकेत, कणगीत, देवघराच्या वरच्या फळीवर ठेवले. रीळ कोणाकडे सापडली नाही. व्हिडिओ कॅसेट मात्र अकरा मिळाल्या. त्यांतल्या आठ खिडकीशी धरल्या तर टेपच्या वेटोळ्यांवर तांदळाच्या पिठासारखी पांढरी बुरशी दिसत होती.

त्या अकरांतली एक आमच्या घरची. आत्या तेव्हा लालबागला राहायची. मुंबई दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा लागायचा, तो आत्याच्या यजमानांनी एका शेजाऱ्याच्या यंत्रावर टेप करून ठेवला आणि गणपतीला गावी आणला. सिनेमा 'मोलकरीण'. गावात यंत्र होतं ते पलीकडच्या मोहल्ल्यातल्या एका घरी, मोठ्या मुलाने आखातातून आणलेलं. ते उचलून आमच्या ओटीवर आलं, सोबत त्या घरातली माणसंही आली. आपल्याच मुलाच्या घरी मोलकरीण होऊन राहणाऱ्या आईची ती गोष्ट. आजी आणि मोहल्ल्यातली खाला एकाच चटईवर बसून पदराने आणि ओढणीने डोळे पुसत होत्या. आजीने त्या दिवशी पहिल्यांदा सुलोचनाबाईंना सुलट पाहिलं आणि पदर जागेवर आल्याचं समाधान मोठ्याने बोलून दाखवलं.

पुढच्या वर्षी चुलतभावाचं लग्न झालं. व्हिडिओवाल्याने कोरी कॅसेट मागितली, तालुक्याच्या बाजारात मिळाली नाही, म्हणून कोणीतरी घरातली दिली. तीन तासांची कॅसेट, सिनेमा बघताना मध्येच वीज गेली होती तिथे थांबलेली, मागे गुंडाळून न घेतलेली. नक्कल तिथूनच सुरू झाली. त्यामुळे आमच्या 'मोलकरीण'मध्ये दोन तृतीयांश सिनेमा झाल्यावर एक पांढरी रेघ वरून खाली सरकते आणि मंगलाष्टकं सुरू होतात. पुढची पंधरा वर्षं दर गणपतीत आम्ही तो सिनेमा असाच पाहिला. मुलाने आईला ओळखलं की नाही, हे आमच्या घरात कोणाला माहीत नव्हतं, आणि खरं तर कोणी विचारतही नव्हतं.

या पुस्तकासाठी मी अखेर तो सिनेमा सबंध मिळवला. शेवट काय होतो ते इथे सांगत नाही. आत्या आता गावीच असते, वय ऐंशीच्या पुढे, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. गेल्या चतुर्थीला दुपारी मी फोन तांब्याला टेकवून तिच्यासमोर ठेवला आणि सिनेमा लावला. तिने तो न बोलता पाहिला. मध्ये एकदा चष्मा पुसला. कॅसेट जिथे तुटायची तो प्रसंग आला तेव्हा मी तिच्याकडे बघत होतो, कारण पुढचं तिला पहिल्यांदाच दिसणार होतं. ती खुर्चीत सावरून बसली, पदर नीट केला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून सुनेला हाक मारली:

"अगो ये लवकर, आता दादाचा अंतरपाट धरतील."